घड्याळाच्या पाठीवरचा आकडा आणि आतलं रबर

घड्याळ घ्यायला गेलं आणि पाण्याचं विचारलं, की बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळतं: "वॉटरप्रूफ आहे हो, बिनधास्त घ्या." संभाजीनगरच्या गुलमंडीत मिळेल, लातूरच्या गंजगोलाईत मिळेल, नांदेडच्या वजिराबादेतही मिळेल. विकणारा मुद्दाम फसवतो असं नाही. त्यालाही हे कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं. पहिल्यांदा स्वतःच्या कमाईतून घड्याळ घेणाऱ्यांसाठी, आणि लग्नात आहेर म्हणून आलेलं चांगलं घड्याळ वर्षानुवर्षं टिकवायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. स्टीलच्या केसमधून (घड्याळाच्या बाहेरच्या कवचातून) किंवा काचेतून पाणी शिरत नाही. ते शिरतं सांध्यांतून: मागचं झाकण बसतं तिथून, चावीच्या दांडीजवळून, बटणांपाशी, काचेच्या कडेने. हे सगळे सांधे राखायचं काम दोऱ्याएवढी बारीक रबरी वॉशरं करतात. पाठीवर कोरलेला आकडा वीस वर्षांनीही तसाच दिसतो, रबर मात्र तसं राहत नाही. कुकरची रिंग जशी काही काळाने कडक होऊन शिट्टीऐवजी कडेने वाफ सोडायला लागते, तसंच इथेही होतं. म्हणून घड्याळ नवीन असेल तर आकडा विचारा आणि वापरातलं असेल तर वॉशर कधी बदललं ते विचारा.

आधी घड्याळ उलटं करा

पाठीवर 'वॉटर रेझिस्टंट' असं इंग्रजीत कोरलेलं असतं आणि पुढे आकडा असतो. कुणी ३ बार लिहितं, कुणी ३ एटीएम, कुणी ३० मीटर. तिन्हींचा अर्थ एकच. पाण्यात दर १० मीटरला, म्हणजे साधारण ३३ फुटांना, १ बार दाब वाढतो. एटीएम म्हणजे हवेचा नेहमीचा दाब, १.०१३ बार, आपल्या कामाला दोन्ही सारखेच. ५० मीटर म्हणजे ५ बार, १०० मीटर म्हणजे १० बार.

काहीच लिहिलेलं नसेल तर ते घड्याळ पाण्यासाठी नाही, विषय संपला. वडिलांचं किंवा आजोबांचं चावीचं एचएमटी घरात असेल तर त्यालाही याच गटात धरा. एचएमटीने १९६१ मध्ये बेंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्या काळातली जी घड्याळं आज घराघरांत आहेत त्यांचं मूळ रबर आता कामाचं उरलेलं नसतं. ती घाला, मिरवा, पण हात धुतानासुद्धा काढून ठेवा.

फक्त 'वॉटर रेझिस्टंट' किंवा ३ बार असेल तर हात धुताना उडालेले शिंतोडे, घाम आणि मोटरसायकलवर लागलेला पाऊस एवढं त्याला चालतं. पोहणं नाही, अंघोळ नाही. ५ बार असेल तर भांडी धुताना, पावसात शेतावर जाताना चिंता नको. बऱ्याच कंपन्या अशा घड्याळावर थोडंफार पोहायलाही परवानगी देतात. माझा सल्ला मात्र असा की पोहणाऱ्याने १० बारच्या खालचं घेऊच नये. १० बारमध्ये विहिरीत, तलावात, टाकीत निवांत पोहता येतं. २० बार असेल तर उड्या मारल्या, धबधब्याखाली उभं राहिलं तरी चालतं. कॅसिओचं जी-शॉक १९८३ मध्ये आलं तेव्हापासून त्याची ओळख न फुटण्यासाठी आहे, पण २०० मीटरची खात्रीही त्याच्यासोबत पहिल्यापासून आहे. रानात राबणाऱ्या हाताला ते का आवडतं हे त्यावरून कळेल.

एक बारकावा ध्यानात ठेवा. '२०० मीटर' वेगळं आणि 'डायव्हर्स २०० मीटर' वेगळं. रोजच्या घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे मानक आहे. त्यात कंपनी एका खेपेतले काही नमुने तपासून बाकीच्यांना तोच आकडा देऊ शकते. डायव्हर्स, म्हणजे खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ आहे. त्यात प्रत्येक नग तपासावा लागतो, तोही लिहिलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के जास्त दाबाखाली, आणि १०० मीटरपेक्षा कमी खोलीला ते मानक लागतच नाही. आपल्याकडे सिलिंडर पाठीवर बांधून बुडी मारणारे थोडे. त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजायची कुणाला गरज नाही.

३० मीटर लिहिलंय, मग ३० फूट विहिरीत का चालत नाही?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सहसा चुकीचं दिलं जातं. "पाण्यात हात हलवला की दाब कितीतरी पट वाढतो" असं बरेच जण सांगतात. हिशेब करून पाहू. पोहताना हात सेकंदाला ३ मीटर वेगाने पाण्यात फिरला तर त्या वेगामुळे वाढणारा दाब ०.०५ बारच्याही आत असतो, म्हणजे अर्धा मीटर जास्त खोल गेल्यासारखं. एवढ्याने ३० मीटरचं घड्याळ हरत नाही.

उडीचं गणित वेगळं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं आणि पोरं काठावरून थेट मुटका मारतात. २० फुटांवरून पडलेलं शरीर पाण्याला टेकतं तेव्हा वेग सेकंदाला सुमारे ११ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ४० किलोमीटर असतो. त्या वेगाचा दाब होतो ०.६ बार, आणि मनगट पाण्यावर आडवं आपटलं तर त्या क्षणाचा झटका याहूनही मोठा. चावीवर बाजूने असा मार बसला की ती कणभर सरकते, आणि पाण्याला तेवढी फट पुरते.

तरीही खरं कारण दाबाच्या आकड्यात नाही. ३ बारचं घड्याळ प्रयोगशाळेत उतरलं तेव्हा ते कोरं होतं, रबर ताजं होतं, पाणी स्वच्छ आणि साधारण खोलीच्या तापमानाचं होतं, घड्याळ स्थिर होतं आणि दाब काही मिनिटांपुरता होता. तुमच्या हातावर त्याला दोन उन्हाळे झालेले असतात. एकदा ते फरशीवर पडलेलं असतं. एकदा टपरीवर सेल बदललेला असतो आणि झाकण अंगठ्याने दाबून बसवलेलं असतं. १० बारचं घ्या असं सांगतो ते यासाठी: खोल जायला नव्हे, झीज सोसायला. रबर निम्मं थकलं तरी हाताशी काहीतरी शिल्लक राहतं.

आपल्याकडचा खरा शत्रू

मराठवाड्यात पाणीच कमी, मग घड्याळाला पाण्याची कसली भीती, असं वाटणं साहजिक आहे. पण परभणी, नांदेड, बीडचा मे महिना आठवा. पारा ४२-४३ अंशांवर, आणि उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर ६० अंशांच्याही वर. रबर म्हातारं होणं ही एक रासायनिक क्रिया आहे, आणि ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. गाडीत ठेवलेल्या घड्याळाचं वॉशर म्हणूनच मनगटावरच्या घड्याळापेक्षा लवकर कडक होतं. ते दबून चपटं होतं आणि झाकण काढल्यावर पुन्हा फुगून आपल्या आकारात येत नाही. घड्याळ डॅशबोर्डवर, मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा पत्र्याच्या खोलीतल्या खिडकीत ठेवू नका. पाणी न लागताही तिथे त्याची पाण्याविरुद्धची ताकद जात असते.

दुसरी गोष्ट गरम-थंडाची. दुपारभर उन्हात काम करून आलेला माणूस तसाच विहिरीत उतरतो. घड्याळ तापून ४५ अंशांवर गेलेलं, विहिरीचं पाणी २७ अंशांच्या आसपास. आतली हवा एकदम थंड होते, आक्रसते, आणि आतला दाब जवळपास ६ टक्क्यांनी उतरतो. बाहेर पाणी दाबतंय आणि आतून ओढ लागलीय, असा दुहेरी प्रकार. आकड्याने पाहिलं तर ही ओढ अर्ध्या मीटर खोलीएवढीच, नव्या रबराला ती सहज झेपते. कडक झालेल्या रबराला झेपत नाही. आयएसओ २२८१० मध्ये घड्याळ आधी ४० अंशांच्या, मग २० अंशांच्या आणि परत ४० अंशांच्या पाण्यात ठेवून पाहतात ते याचसाठी. आपला उन्हाळा ही परीक्षा रोज घेतो. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी घड्याळ दहा मिनिटं सावलीत निवू द्या. घाईत असाल तर काढून ठेवा.

गरम पाण्याचंही तसंच. बंबातलं कढत पाणी, शॉवरची वाफ, वर साबण. वाफ पाण्यापेक्षा बारीक फटीतून जाते, आणि साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करत असल्याने साबणाचं पाणी जिथे साधं पाणी थांबतं तिथूनही आत जातं. तेव्हा १० बारचं असो की २० बारचं, अंघोळीला घड्याळ नको. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तर नकोच. तेल आणि उटणं चावीच्या खाचेत जाऊन बसतं आणि मग निघता निघत नाही.

कोणत्या हाताला कोणतं घड्याळ

घेताना आधी किंमत पाहू नका, आपला दिवस पाहा.

कार्यालयात, शाळेत, बँकेत काम करणाऱ्याला ३ किंवा ५ बार पुरतं. चामड्याचा पट्टा शोभतो, पण तो घाम पितो आणि आपल्या उन्हाळ्यात वर्षा-दोन वर्षांत वास मारायला लागतो. एप्रिल ते जून स्टीलची चेन किंवा सिलिकॉनचा पट्टा लावून चामड्याचा पट्टा घरात ठेवला तर तो दुप्पट टिकेल. फार पातळ, देखणं घड्याळ आवडलं तर घ्या, पण समजून घ्या. टायटनचं एज हे नावाजलेलं पातळ घड्याळ ३० मीटरचं आहे. इतक्या बारीक केसमध्ये तेवढं बसवलं हीच मोठी कारागिरी, पण ते समारंभाचं घड्याळ आहे.

स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईच्या हातात बहुतेक वेळा नाजूक, १ किंवा ३ बारचं, दागिन्यासारखं घड्याळ असतं. त्याचा दिवस मात्र सगळ्यांत ओला: भांडी, धुणं, पिठाचा हात, वाफ. ज्वारीचं पीठ चावीच्या मागे साचतं, ओलं होतं, वाळतं आणि वॉशरला खरवडत राहतं. बांगड्या चावीला घासतात ते वेगळंच. आई-बहिणीला घड्याळ भेट द्यायचं असेल तर ५ बारचं, चावी केसमध्ये थोडी आत बसलेली, स्टीलच्या चेनचं पाहा. देखणी घड्याळं या प्रकारातही मिळतात. दुकानात मागावं लागतं इतकंच.

शेतकऱ्यासाठी १० बार, शक्य असेल तर २०. आणि एक कळकळीची सूचना: फवारणीला घड्याळ घालून जाऊ नका. कापसावर, तुरीवर, सोयाबीनवर मारायच्या औषधांत, विशेषतः डब्यावर 'इसी' लिहिलेल्या प्रकारांत, औषध विरघळवायला सेंद्रिय द्रावकं वापरलेली असतात. त्यांनी रबर फुगतं आणि मऊ पडतं. त्याहून वाईट म्हणजे पट्ट्याखाली अडकलेलं औषध दिवसभर कातडीला लागून राहतं. घड्याळ घरी राहिलं तर घड्याळही वाचेल आणि हातही. ट्रॅक्टर किंवा गाडी धुवायच्या प्रेशर वॉशरच्या झोतासमोरही मनगट धरू नका. त्या यंत्राचा पंप १०० बारच्या आसपास दाब देतो, कुठलंही नेहमीचं घड्याळ त्यासाठी बनलेलं नाही.

पोहायला शिकणाऱ्या मुलांना १० बारचं डिजिटल द्या आणि सांगा: पाण्यात असताना बटण दाबायचं नाही. बटण दाबलं की त्याची दांडी आत सरकते आणि त्या क्षणी वॉशर हलतं. कंपनीने पाण्यातही बटण चालतं असं स्पष्ट लिहिलं असेल तरच दाबायचं.

स्मार्ट घड्याळाच्या डब्यावर आकडा निराळा असतो. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतं. आयपी ६८ म्हणजे त्याहून जास्त, पण किती ते कंपनी स्वतः ठरवते, म्हणून बारीक अक्षरं वाचावी लागतात. या दोन्ही चाचण्या साध्या पाण्यात होतात. साबण, खारं पाणी, वाफ यांचा त्यात हिशेब नसतो. नुसतं आयपी लिहिलेलं असेल तर ते पावसाचं घड्याळ समजा. पोहायला हवं असेल तर ५ एटीएम किंवा ५० मीटर लिहिलेलं पाहा. घामाने ओलं असताना चार्जिंगला लावू नका, मागचे पितळी ठिपके आधी कोरडे पुसा.

चावी: सगळ्यांत दुर्लक्षित जागा

१९२६ मध्ये रोलेक्सने ऑयस्टर नावाची केस आणली तेव्हा तिची खरी युक्ती हीच होती की झाकणासोबत चावीही आट्यांवर फिरवून घट्ट बसवायची. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही पोहणारी इंग्लिश खाडीत उतरली तेव्हा ते घड्याळ तिच्या गळ्यात होतं. गारठ्यामुळे तिला तासन्‌तास पोहून झाल्यावर पाण्याबाहेर काढावं लागलं, घड्याळ मात्र चालू होतं.

तुमच्या घड्याळाला अशी आट्याची चावी असेल तर वेळ लावून झाल्यावर ती आत दाबून फिरवायला विसरू नका. साधी चावी असेल तर ती पूर्ण आत गेली आहे का हे नखाने चाचपून बघा. तारीख बदलून चावी अर्धवट बाहेर राहिली आणि तसंच हात धुतला, तर २० बारच्या घड्याळातही पाणी जाईल. ओल्या हाताने चावी ओढू नये हे तर आलंच.

सेल बदलताना दुकानात काय बोलायचं

माझ्या मते घड्याळात पाणी जायचं सगळ्यांत मोठं कारण विहीर नाही, पाऊस नाही. सेल बदलणं आहे. झाकण उघडलं की वॉशरची घडी मोडते. ते परत त्याच जागी, पिळा न पडता, कचरा न अडकता बसायला हवं. घाईत ते होत नाही. कधी वॉशर झाकणाला चिकटून बाहेर येतं आणि बसवायचंच राहून जातं.

दुकानात उभं राहून बघा. बघायला लाजू नका, चांगला कारागीर उलट खूश होतो. "काका, सेलसोबत वॉशरही नवीन टाका आणि सिलिकॉन ग्रीस लावा," एवढं एक वाक्य बोला. वॉशरची किंमत घड्याळापुढे काहीच नाही. झाकणाच्या खाचेतली जुनी घाण काढली का, नवं रबर पूर्ण गोल बसलं का, हे डोळ्यांनी दिसतं. ग्रीस अगदी पुसट हवं, थापलेलं नको.

झाकणाचे तीन प्रकार असतात. दाबून बसणारं, चार बारीक स्क्रूंचं, आणि आटे असलेलं जे फिरवून लावतात. पाण्याच्या दृष्टीने आट्याचं सगळ्यांत भरवशाचं. दाबून बसणारं झाकण हाताने किंवा पक्कडीने नव्हे, प्रेसमध्ये सरळ धरून बसवलं पाहिजे. तिरकं बसलं तर एका बाजूने वॉशर कापलं जातं. घरी सुरीच्या टोकाने झाकण उघडायचा उद्योग तर कधीच करू नका.

१० बार किंवा वरचं घड्याळ असेल आणि ते खरंच पाण्यात वापरत असाल, तर कंपनीच्या सेवा केंद्रात द्या आणि प्रेशर टेस्ट करून मागा. त्या यंत्रात घड्याळ ठेवून हवेचा दाब देतात आणि केस किती दबली, दबलेली राहिली की परत आली, हे मोजतात. आत हवा शिरली नाही म्हणजे पाणीही शिरणार नाही. यात घड्याळ ओलं होत नाही. दुसऱ्या प्रकारात हवेच्या दाबाखाली ठेवून मग पाण्यात बुडवतात आणि दाब सोडला की बुडबुडे येतात का ते पाहतात. प्रत्येक दुकानात हे यंत्र नसतं. सेल बदलायला देण्याआधीच विचारून घ्या.

आणि वेळ निवडा. हे काम मृग लागायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये उरका. तेव्हा आपल्याकडची हवा कोरडीठाक असते, म्हणजे झाकण लावताना आत दमट हवा कोंडली जात नाही. जुलैच्या झडीत उघडलेलं घड्याळ कारागिराने नीट बसवलं तरी थंडीत काचेला आतून हलकं धुकं धरू शकतं, कारण ती ओल तेव्हाच आत गेलेली असते. पाण्यात वापरायच्या घड्याळाचं वॉशर दर दोन वर्षांनी बदलावं असं मी म्हणेन, सेल चालू असला तरी.

घरच्या घरी एक सोपी पाहणी

घड्याळ बादलीत बुडवून परीक्षा घेऊ नका. नापास झालं तर परीक्षेतच गेलं.

त्याऐवजी हे करा. प्रयोगशाळेत घड्याळ ४० ते ४५ अंश तापमानाच्या पट्टीवर थोडा वेळ ठेवतात, मग काचेवर थंड पाण्याचा थेंब टाकतात, मिनिटभर थांबतात, थेंब पुसतात आणि काचेला आतून वाफ धरली का ते बघतात. आपल्याला तापवायची पट्टी लागत नाही. मेच्या दुपारी सावलीतल्या खोलीतही घड्याळ ४० अंशांवर असतं. माठातल्या पाण्याचा एक थेंब काचेच्या मधोमध टाका, मिनिटाने पुसा, उजेडात तिरकं धरून बघा. आतून धुक्याचा गोल ठिपका दिसला तर आत ओल आहे. काचेच्या बाहेरून धरलेली वाफ पुसली जाते, आतली पुसली जात नाही; फरक लगेच कळतो. ठिपका दिसला तर त्या घड्याळाला दुरुस्तीपर्यंत पाणी दाखवू नका.

रोजची निगा

यात फार काही नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, वाळलं की पांढरे क्षार सोडतं. ते आणि घामाचं मीठ मिळून चावीभोवती आणि झाकणाच्या कडेला थर धरतात. ५ बार किंवा वरच्या घड्याळाला आठवड्यातून एकदा, चावी आत असल्याची खात्री करून, पिण्याच्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने आणि जुन्या मऊ टूथब्रशने पुसून कोरडं करा. कोकणात समुद्रावर जाऊन आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. मीठ वाळू देऊ नका. अत्तर, डास पळवायचं मलम हे आधी लावा, सुकू द्या, मग घड्याळ घाला.

पट्ट्याच्या पिना वर्षातून एकदा तरी काढून बघा. घामाने त्या आतून गंजतात आणि वरून काही दिसत नाही. विहिरीवर वाकताना पिन तुटली तर १० बारचं घड्याळ ४० फूट पाण्याखाली चालू असेल, पण तुमच्या हातात नसेल.

रंगपंचमीला आणि गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत घड्याळ घरी ठेवलेलं बरं. रंगाची बारीक पूड चावीच्या वॉशरमध्ये गेली की पुढच्या प्रत्येक ओढीला ते घासत राहतं.

पाणी गेलंच तर

काचेला आतून थेंब दिसले की घड्याळ चालू आहे का बंद याची वाट बघू नका. चालू असलं तरी आत गंजायला सुरुवात झालेली असते. चावी फिरवू नका, बटणं दाबू नका. बाहेरून पुसा, पट्टा काढा आणि त्याच दिवशी कारागिराकडे जा. झाकण उघडून सेल काढणं आणि मशीन वाळवणं ही पहिली गरज आहे. ओला सेल आत राहिला तर तो गळतो आणि मग पाण्यापेक्षा त्याचं रसायन जास्त नुकसान करतं.

गावात कारागीर नसेल आणि तालुक्याला जायला उद्या उजाडणार असेल, तर घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या किंवा बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पाच-सहा पुड्यांसोबत घड्याळ ठेवा. तांदळात ठेवायचा उपाय सगळे सांगतात. झाकण लागलेल्या घड्याळातली ओल तांदूळ ओढून घेत नाही, उलट त्याचा भुसा फटींत जातो. उन्हात ठेवू नका आणि हेअर ड्रायरने तापवू नका. आतल्या पाण्याची वाफ होते आणि जिथे पाणी पोचलं नव्हतं तिथे वाफ पोचते. समुद्राचं किंवा साबणाचं पाणी गेलं असेल तर कारागिराला तसं सांगा, कारण नुसतं वाळवून भागत नाही, मशीन धुवावं लागतं.

हमीपत्र काढून वाचा. पाणी शिरण्याबद्दल कंपन्यांच्या अटी वेगवेगळ्या असतात, आणि मधे बाहेरच्या दुकानात झाकण उघडलं असेल तर बऱ्याचदा हमी संपलेली असते. सेलवर चालणाऱ्या साध्या घड्याळाचं मशीन खराब झालं तर तेच दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवं मशीन टाकणं सहसा स्वस्त पडतं, डायल आणि काटे चांगले असतील तर ते तसेच वापरता येतात. चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ असेल तर मशीन पूर्ण खोलून, धुऊन, तेल घालूनच परत घ्या. दोन्हीकडे झाकण लागण्यापूर्वी, झाकणाचं आणि चावीचं, दोन्ही वॉशरं नवी टाकायला सांगा. पाणी ज्या रबरातून आत आलं तेच परत बसवून घेतलं तर पुढच्या पावसात पुन्हा त्याच दुकानात उभं राहावं लागेल.